लाइट गेली की फाइल जाते

"मॅडम, या पोरीचं काय करू ते तुम्हीच सांगा," शेठ म्हणाले. मी अजून चप्पलही काढली नव्हती.

ती पोरगी म्हणजे ज्योती, चादरींची डिझाइनं काढणारी. समोरच बसली होती, मान खाली घालून. बुऱ्हाणपूरच्या या कारखान्यात पुढे ऑफिस, मध्ये पॉवरलूमची शेड आणि मागे कापडावर छपाई करणारं मशीन. ज्योतीने ऑफिसात केलेली फाइल केबलमधून मागच्या कॉम्प्युटरवर जायची. हल्ली ती अर्ध्यावर अडकायची. शेठांचं मत पक्कं झालं होतं, पोरगी उगाच जड फाइली करून राहिली. आज संध्याकाळपर्यंत डिझाइन छापून निघालं नाही, तर उद्यापासून काम सुरतच्या पार्टीला आणि ज्योती घरी.

नेटवर्क दुरुस्तीचं काम माझं, त्यासाठी मी गावातल्या इतवाऱ्यातून भर उन्हात स्कूटीवर आलेली. डोकं तसंही तापलेलं होतं. "शेठ, आधी बघू तर द्या," मी म्हणाले.

ज्योतीने स्क्रीनवर कमळ दाखवलं. "ताई, हे फूल आधी भरगच्च होतं. फाइल हलकी व्हावी म्हणून मी रोज थोड्या पाकळ्या काढते."

मला भयंकर राग आला. तो कोणावर काढायचा, एवढंच सापडायचं बाकी होतं.

सुरुवात पिंगने केली. पिंग म्हणजे एका कॉम्प्युटरने दुसऱ्याला "आहेस का?" विचारायचं आणि दुसऱ्याने "आहे" म्हणायचं. उत्तरं येत होती, मधूनच एखादं गायब. मग टेस्टर लावला. नेटवर्कच्या केबलमध्ये आठ तारा असतात. कोणती तुटली आहे, ते टेस्टरचे दिवे सांगतात. आठही दिवे लागले. स्विच, म्हणजे सगळ्या केबली जिथे येऊन जोडतात तो डबा, बदलून पाहिला. टोकांचे कनेक्टर नवे बसवले. फाइल पुन्हा अर्ध्यावर जाऊन बसली.

"केबल ओके, डबा ओके," शेठ म्हणाले. "मग राहिलं कोण?"

ज्योती हळूच म्हणाली, "ताई, लाइट गेली की फाइल जाते."

"सुनो इसकी बात," शेठ हसले. "लाइट गेल्यावर कॉम्प्युटर पळतो म्हणे."

मी नाही हसले. दोन्ही कॉम्प्युटर आणि तो डबा इन्व्हर्टरवर होते. लाइट गेली की बंद पडायचे ते फक्त लूम.

"शेठ, लूम थांबवा. एक चहा होईपर्यंत."

"मॅडम, चालू लूम कसे थांबवू?"

"चहा मी पाजते."

कुरकुरत का होईना, थांबवले. शेड गप्प झाली आणि फाइल सरसर मागे पोचली. लूम सुरू केले, दुसरी फाइल पाठवली, ती अडकली. ज्योतीने माझ्याकडे पाहिलं. शेठ कपात बघत राहिले.

म्हणजे दुखणं शेडमध्ये होतं. मी शिडी लावून भिंतीवरची केबल बोटांनी चाचपत निघाले. खाली नामदेव मिस्त्री येऊन उभे राहिले. लूम दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेलेली.

"शोधा ताई, शोधा," ते खुशीत म्हणाले. "सापडणार नाही."

"काय सापडणार नाही?"

"गाठ."

मी शिडीवरच थांबले. मग त्यांनीच सांगितलं, केबल उंदराने कुरतडली होती. एवढ्याशा कामाला बाहेरचा माणूस कशाला, म्हणून मिस्त्रींनी लूमवरचा तुटलेला धागा जोडतात तशा आठही तारा, रंगाला रंग लावून, गाठी मारून जोडल्या होत्या. वर टेप इतका सफाईने की बोटाला कळू नये. "गाठ दिसली तर माल परत येतो ना," ते म्हणाले.

त्यांनी जागा दाखवली, मी टेप उलगडला. खरं सांगते, इतका देखणा जोड मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. आणि इतका कुचकामीही.

मिस्त्रींचा चेहरा उतरला. "तारा तर जुळल्या ना?"

"जुळल्या, म्हणून तर टेस्टर फसला. पण या तारा जोडीजोडीने एकमेकींना पिळलेल्या असतात. त्यामुळे शेजारच्या मोटारींचा त्रास त्यांना फारसा होत नाही. तुम्ही गाठीसाठी वीतभर सरळ केल्या, तेही मोटारीच्या वायरला चिकटून. लूम चालले की तिथून गडबड शिरते आणि फाइलचे तुकडे खराब होतात. ते पुन्हापुन्हा पाठवावे लागतात."

"म्हणजे पीळ गेला," मिस्त्री म्हणाले. "अरे देवा. पीळ गेलेलं सूत मी लूमवर चढवूसुद्धा देत नाही."

नवी अखंड केबल मोटारींपासून लांब, पलीकडच्या भिंतीवरून ओढली. शिडी मिस्त्रींनीच धरली. सगळे लूम दणदणत असताना ज्योतीने फाइल पाठवली. तीही जुनी, सगळ्या पाकळ्यांची. सुटली ती थेट मागच्या मशीनवर.

शेठ ज्योतीला सॉरी म्हणाले नाहीत. त्यांनी सुरतला फोन लावला. "रहने दो भाई, काम घरीच होऊन राहिलं." मग चहा मागवला आणि पहिला कप तिच्यापुढे ठेवला. ज्योती रडत रडत हसली. मलाही फार बरं वाटलं.

त्या दिवसापासून टेस्टर पिशवीतून नंतर काढते. फाइल अडकते कधी, हे सगळेच सांगतात. मी आधी विचारते, जाते कधी?