दिग्दर्शकाचा रकाना

स्पर्धांची पत्रकं आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात पोचतात ती वरातीमागून घोडं यावं तशी. तारीख उलटून आठवडा झालेला असतो आणि मग प्राचार्य स्टाफरूममध्ये येऊन विचारतात, ‘मॅडम, यात आपल्या मुलांचं काही करता येईल का?’ मी मराठी शिकवते, म्हणून निबंध, वक्तृत्व, कथालेखन, घोषवाक्य, लघुपट, सगळं माझ्या गळ्यात. चिमूर तालुक्यात राहतो म्हणजे दर ऑगस्टात बेचाळीसच्या लढ्यावर निबंध आलाच. तो निबंध आता मुलांना झोपेतही लिहिता येतो, कारण मोठ्या भावाची वही धाकट्याकडे जाते. मग ‘विजेची बचत’. ज्या गावात दुपारी वीज गेली की संध्याकाळपर्यंत तिची कोणी वाटही पाहत नाही, तिथल्या मुलांनी विजेच्या बचतीवर पाचशे शब्द लिहायचे. मग ‘झाडे लावा’. खिडकीतून बाहेर पाहिलं तर जंगलच जंगल.

आणि लघुपट असेल तर वाघ. संयोजकांचा फोन आला की त्यांचा दुसरा प्रश्न ठरलेला असतो, ‘तुमच्याकडे वाघ आहेत ना? वाघावर करा काहीतरी.’ अहो, ज्या मुलांच्या आया मोहफुलं वेचायला जाताना घोळक्यानं, मोठमोठ्यानं बोलत जातात, त्यांनी वाघाचा फोटो काढायला मोबाइल घेऊन थांबायचं का?

मी वैतागलेलीच बाई आहे, हे आधीच सांगते. नवरा ऊर्जानगरला वीजकेंद्राच्या क्वार्टरमध्ये, मी इथे भाड्याच्या खोलीत, शनिवारी दुपारची एसटी पकडून जायचं आणि सोमवारी पहाटे परत यायचं. या धावपळीत मुलांचे फॉर्म भरायचे. त्यामुळे पुढे जे झालं त्यात माझी चूक किती आणि त्या फॉर्मची किती, हे मला आजही नीट ठरवता येत नाही.

एक मुलगी होती बारावीला. तळ्यात मासे धरून आणि जमेल तेव्हा मजुरी करून जगणाऱ्या घरातली. दर वर्षी जानेवारीत ती आईबरोबर मिरची तोडायला तेलंगणात जायची, आणि परत यायची तेव्हा तिची बोटं अशी सोललेली असायची की पेन धरवत नसे. अकरावीला ती दोन महिने वर्गात नव्हती. मी घरी जाऊन ओरडले, तर आई म्हणाली, ‘बाई, तुमी सांगता ते खरं हाये, पण खाऊ काय?’ बारावी झाली की पोरगी कायमची मिरचीच्या टोळीत जाणार हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तिलाही.

पण तिच्याकडे एक तडा गेलेला मोबाइल होता आणि पाहायची नजर होती. उन्हाळ्यात गावचं तळं आटत आलं की सगळे मिळून मोठं जाळं ओढतात. त्या दिवसाची तिनं सात मिनिटांची फिल्म केली. तिच्यात एकही माणूस कॅमेऱ्याकडे बघून बोलत नाही. दोर ओढणारे हात, चिखलात रुतलेल्या पोटऱ्या, आणि मधेच जाळ्यातून उसळी मारून निसटलेली एक मरळ. तिच्यावर सगळं गाव हसतं. मी ती पाहिली आणि लगेच पुन्हा पहिल्यापासून लावली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एखाद्या मुलानं मला न विचारता, माझा शब्द उसना न घेता काहीतरी केलं होतं.

आणि त्याच महिन्यात, चमत्कार म्हणावा तसा, एक पत्रक तारखेच्या आत आलं. कनिष्ठ महाविद्यालयापर्यंतच्या विद्यार्थ्यांसाठी लघुपट स्पर्धा. निवडलेल्या पाच मुलांना पुण्यात दोन वर्षं राहून चित्रपट शिकता येणार, राहणं-खाणं-शिकवणी सगळं फुकट. बारावीची परीक्षा झाली होती, निकाल लागला की ती विद्यार्थिनी राहणार नव्हती. म्हणजे हाच काय तो दरवाजा, आणि तोही यंदापुरता.

शनिवारी मी तिला घेऊन बसले आणि तिच्या मोबाइलवर फॉर्म भरला. जन्मतारीख, आधार, बोनाफाइड, सगळं. खाली रकाने होते: दिग्दर्शक, छायाचित्रण, ध्वनी, संकलन, सहायक. मी ‘दिग्दर्शक’मध्ये तिचं नाव टाकणार, तर ती म्हणाली, ‘मॅडम, थांबा ना. हे मी गावात इचारून लिहितो.’

‘यात विचारायचं काय आहे?’

‘सारेच होते ना मॅडम.’

माझी एसटी सुटत होती. मी म्हटलं, ‘विचार, पण उद्या पाचच्या आत पाठव.’ आणि पिशवी उचलून निघाले. दोन मिनिटं बसले असते तर!

सोमवारी ती सांगायला आली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. फॉर्म गेला होता. तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, तेवढं नेटवर्क येतं, तिथं सगळं गाव जमलं होतं. मी विचारलं, ‘काय लिहिलंस?’ आणि तिनं मला जे सांगितलं ते ऐकून मी कपाळावर हात मारून घेतला.

त्या गावात मासे वाटायची एक रीत आहे. जाळं बाहेर आलं की पाळीवर मासळीचे सारखे वाटे घालतात. दोराला ज्याचा ज्याचा हात लागला त्याला वाटा. घरी बाळंतीण असेल तिला वाटा, दवाखान्यात गेलेल्याला वाटा. पण कोणता ढीग कोणाचा यावर भांडण नको, म्हणून एक म्हातारी तळ्याकडे तोंड आणि वाट्यांकडे पाठ करून बसते. तिला अख्खं गाव मोठी माय म्हणतं. कोणीतरी एका ढिगावर काडी ठेवून विचारतो, ‘हा कोणाचा?’ मोठी माय न बघता एक नाव घेते. याला ते ‘हाक जाणं’ म्हणतात; हाक गेली की तो ढीग त्याचा. लहान असो, मोठा असो, त्यावर कोणी बोलत नाही. तिचं स्वतःचं नावही ती असंच मधेच कुठेतरी घेते.

तर या लोकांनी फिल्मही तशीच वाटली. मोठी माय पाठ करून बसली. पोरीनं मोबाइलवरच्या पहिल्या रकान्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘हा कोणाचा?’

मोठी माय म्हणाली, ‘हा माझा.’

झालं. दिग्दर्शक मोठी माय, वय त्रेसष्ट, शिक्षण शून्य. छायाचित्रण गेलं शेजारच्या काकाला. संकलन अशा माणसाला, ज्याच्याकडे मोबाइलच नाही. आणि जिनं सगळं केलं तिच्या वाट्याला आलं ‘सहायक’.

‘अगं, तू काऊन सांगितलं नाही, की मी केलं म्हणून?’ माझ्याही तोंडून त्यांची बोली निघाली, इतकी मी भडकले होते.

‘मी मोबाइल धरला मॅडम. जाळं त्याइनं वढलं.’

‘हा मासा नाही गं! हा तुझ्या जन्माचा प्रश्न आहे!’

तिनं मोबाइल ओढणीत गुंडाळला. मग म्हणाली, ‘हाक गेली मॅडम. आता बदलत नाई.’

मला तिचा राग आला, गावाचा आला, मोठ्या मायचा आला. सगळ्यात जास्त आला तो त्या फॉर्मचा. चाळीस माणसांच्या कामाला पाच रकाने देणाऱ्या माणसानं कधी कोणाबरोबर एक दोर तरी ओढला असेल का? पण राग करून जागा मिळत नाही. मी संयोजकांना फोन लावला. आठवडाभरात सहा वेळा उचलला नाही. सातव्यांदा एक तरुण मुलगा बोलला. फिल्म त्यांना आवडली होती, पहिल्या दहात होती. ‘पण मॅडम, दिग्दर्शिका सिनियर सिटिझन दिसतायत. नियमात बसत नाही. फारच छान आहे हो, वाघ असता तर आणखी मजा आली असती.’

मी दात आवळून विचारलं, ‘दुरुस्ती होईल का?’

‘कॉलेजच्या लेटरहेडवर लिहून द्या, की नाव चुकून पडलं. लिपिकाची चूक वगैरे. आणि सगळं काम त्या विद्यार्थिनीनं एकटीनं केलं, असं स्पष्ट लिहा. आज पाचपर्यंत.’

पोरगी त्या दिवशी वाचनालयाची पुस्तकं परत करायला आली होती; मी तिला बोलावलं. सांगितलं. तिनं ओठ चावला. तिला जायचं होतं. अशा वेळी माणसाचा चेहरा खोटं बोलत नाही, आणि तिच्या चेहऱ्यावर पुणं लिहिलेलं होतं. तरी ती म्हणाली, ‘मोठ्या मायले इचारून येतो.’ तिचं गाव सात किलोमीटर आणि घड्याळात सव्वाचार.

‘काही विचारायचं नाही,’ मी म्हटलं. ‘इथेच बाकावर बस.’

आणि मी लिहिलं. ‘सदर महिलेचे नाव नजरचुकीने दिग्दर्शक म्हणून नोंदले गेले असून त्यांचा या लघुपटाच्या निर्मितीशी कोणताही संबंध नाही.’ माझं मराठी चांगलं आहे. त्या एकाच वाक्यात मी एका बाईला तिच्याच तळ्यावरून पुसून टाकलं. प्राचार्यांनी न वाचता सही केली. पाचला दहा मिनिटं असताना पत्र गेलं.

संध्याकाळी पोरीनं विचारलं, ‘मॅडम, काय लिवलं तुमी?’

‘जे लिहायला पाहिजे होतं ते.’

तिनं पुन्हा विचारलं नाही. पण तिनं विचारायला हवं होतं, आणि मी सांगायला हवं होतं. आम्हा दोघींनाही ते कळत होतं.

तिची निवड झाली. गावानं तिला वाजतगाजत एसटीपर्यंत सोडलं. मोठ्या मायनं तिच्या हातात सुकवलेल्या झिंग्यांची पुडी दिली. मी लांब उभी होते. आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. ती यंदा मिरचीला गेली नाही. तिची बोटं बरी झाली. ती फोन करते, काय काय शिकते ते सांगते, आणि एकदाही मोठ्या मायचं नाव काढत नाही. मीही काढत नाही.

या उन्हाळ्यात तळं पुन्हा ओढलं. मला निरोप आला, मी गेले. चप्पल काढून दोराला हात लावला. माझ्या हातानं जाळं काही हललं नसेल, पण हात लागला तर वाटा मिळतो. पाळीवर ढीग पडले. मोठी माय पाठ करून बसली. वर्षभरात ती थकली होती, बसताना कोणाचा तरी खांदा धरावा लागला. एकेका ढिगावर काडी पडत होती आणि ती नावं घेत होती. पुण्याला गेलेल्या पोरीचंही घेतलं. रीतच आहे, जो नाही त्यालाही वाटा. मग एका ढिगावर काडी पडली, चांगला मोठा ढीग, वर मरळ.

‘हा कोणाचा?’

‘मॅडमचा,’ मोठी माय म्हणाली.

मी ढीग पिशवीत भरत होते. वाटप संपल्यावर ती काठी टेकत माझ्याकडे आली. म्हणाली, ‘मॅडम, पोरीचा शिनेमा पुण्यात मोठ्या पडद्यावर दाखवला म्हंते. तिची माय सांगत होती.’

‘हो, दाखवला.’

‘मले त्यातलं काई समजत नाई. नावाचं मी काय करू?’ ती थोडी लाजली. मग आजूबाजूला कोणी नाही असं बघून तिनं आवाज खाली आणला. ‘पण पयलं नाव माझंच आलं ना व?’

त्या पडद्यावर एकच नाव आलं होतं. मला ते ठाऊक होतं, पोरीनं फोटो पाठवला होता.

‘आलं, मोठी माय,’ मी म्हटलं. ‘पहिलंच.’

तिनं मान हलवली, जणू तिला दुसरं काही अपेक्षितच नव्हतं. ‘मंग? मी म्हणलंच होतं या लोकाइले. तिकडचे बी माणसंच हायेत. हाक गेली का कोणी कोणाचा वाटा खात नाई.’

पिशवीतली मरळ अजून जिवंत होती. मी पिशवीचं तोंड घट्ट धरलं आणि एसटीकडे निघाले.