खोट्याला वन्स मोअर

कॉलेजच्या मुलांचा रॉक ऑपेरा पाहायला गेलो होतो. मध्यंतरात शेजारच्या खुर्चीतले काका वडा खाता खाता आमदारावर उखडले. "पाच वर्षं नळाला थेंब नाही. आता दारात येऊ दे, हाकलूनच देतो लेकाच्याला!" मीही मान डोलावली.

पडदा उघडला. गिटारच्या दणदणाटात राजा गाऊ लागला, "उद्या पाणी येईल!" मागे प्रजा रिकाम्या घागरी बडवत होती. चाल मात्र झकास होती. गाणं संपलं आणि काकाच पहिले ओरडले, "वन्स मोअर!" पाठोपाठ सगळं नाट्यगृह. माझ्याही तोंडून तेच निघालं, आणि स्वतःचीच किळस आली. शिव्या मध्यंतरात, टाळ्या पडदा उघडल्यावर. आपलं हे असंच.

राजा हसला. त्यानं हात जोडले आणि तेच खोटं वरच्या पट्टीत पुन्हा सुरू केलं.