पिवळ्यावर पिवळं

माझ्या बहिणीच्या हळदीला, रोडपालीला, आम्ही पनवेलचा बँड सांगितला होता. त्यात एक सडपातळ माणूस गिटार घेऊन आला. तेव्हा गिटारच क्वचित दिसायची, तीही तपकिरी. ही पिवळीधमक होती. घाम लागू नये म्हणून तो ती अंगापासून दूर धरायचा.

"पिवळी कुठे मिळाली?" मी विचारलं.

"कुठेच मिळत नाही. हातानं रंगवली. म्हटलं, एक तरी वस्तू दुरून आपली म्हणून ओळखू यावी."

तेवढ्यात धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, गाणारी म्हातारी गाता गाता थांबली. तिच्या गाण्याशिवाय आमच्यात लग्न लागत नाही, म्हणून मांडव चिडीचूप झाला. हळदीची वाटी घेऊन ती उठली आणि भरलेला पंजा तिनं थेट गिटारीवर उमटवला.

"मांडवात नवरीवाचून पिवली कोन? आता हिलाबी हलद लागली. लगीन लागल्याबिगर येशीभायेर नेवाची नाय."

बँडवाले उसळले. संध्याकाळी त्यांना पनवेलला दुसरीकडे वाजवायचं होतं. वडील हात जोडून मध्ये उभे राहिले. म्हातारी काही गाईना.

मी वाकून पाहिलं. पिवळ्यावर पिवळं, पंजा दिसतच नव्हता.

"पुसा आणि निघा," मी गिटारवाल्याच्या कानात कुजबुजलो. "कुणाला कळतंय?"

त्यानं काढलेला रुमाल पुन्हा खिशात ठेवला.

"लागली ती लागली," म्हणाला, आणि चटईवर मांडी घालून बसला. बाकीचे त्याला शिव्या घालत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या, तेव्हा म्हातारीनं मूठभर त्या गिटारीवरही टाकल्या. मगच तो उठला.