सूप न घेता निघालेली मुलगी

ती घटना आठवली की आजही आधी स्वतःचीच लाज वाटते, मग छाती फुगते. सत्तरच्या दशकात मी नागपुरातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. एका सकाळी चार बिडी कामगार बाया ठाणे अंमलदारासमोर येऊन बसल्या, त्या उठेनात. त्यांची पुढारी पन्नाशीची, आवाजाने खणखणीत. पारशिवनीकडच्या सोळा वर्षांच्या पोरीला एक माणूस बिडी कारखान्यात कामाला म्हणून नेत होता आणि तो लबाड आहे, असे तिचे म्हणणे. पुरावा काय, तर पोरीजवळ सूप नाही.

हा कोणत्या कलमाखाली गुन्हा, असे मी चिडून विचारले.

"साहेब, बिडी वळनारी बाई आपलं सूप आन् कैची घेतल्याबिगर कामाले जात नाही. आन् हा म्हन्ते, तिकडं सारं भेटते."

त्यांच्या बाकीच्या सोबतिणी स्टँडवर त्या दोघांच्या बससमोर ठाण मांडून बसल्या आहेत, हे कळल्यावर मात्र मला उठावेच लागले.

दोघांना ठाण्यात आणल्यावर पोरगी रडत बोलली. तिची मोठी बहीण वर्षापूर्वी याच माणसाबरोबर गेली होती. तेव्हापासून पत्र नाही. आता त्या बहिणीचा ठावठिकाणा काढायचा होता.

तो माणूस पक्का होता. आपण कारखान्याचे मुकादम, मोठी बहीण काम सोडून पळाली, हे पालुपद त्याने दुपारपर्यंत सोडले नाही. माझा आवाज बसला. शेवटी बायांच्या पुढारी बाईंनी आत येण्याची परवानगी मागितली. नियमात बसत नव्हते, पण दिली. त्यांनी बिड्यांनी भरलेले सूप त्याच्यापुढे ठेवले.

"मुकादम हायेस नं गा? मंग याच्यातल्या छाट बिड्या काढून दाखव."

छाट म्हणजे खराब म्हणून बाजूला टाकायच्या बिड्या. मुकादमाचा जन्म त्यातच जातो. याने घाम पुसत तीन उचलल्या. तिन्ही उत्तम निघाल्या. दारातल्या बाया खदखदून हसल्या आणि माझ्या दरडावण्याला न बधलेला गडी त्या हसण्याने खचला. त्याने पत्ता सांगितला.

बाईंना सोबत घेऊन शेजारच्या राज्यातल्या एका गावात पंचांसमक्ष आम्ही एका खोलीचे कुलूप तोडले. आत तीन मुली होत्या. माझी वर्दी पाहून त्या भिंतीला चिकटल्या, बाईंना पाहून बाहेर आल्या. त्यातली एक मोठी बहीण होती.

बाप ठाण्यात आला. धाकटीला त्याने जवळ घेतले, मोठीकडे पाहीना. गाव काय म्हणेल, एवढेच पुटपुटला. मला त्याचा संताप आला. बाई मात्र शांत होत्या. "गावाले इचार करू द्या. तवर हे माह्या घरी राहीन." आठवड्याभरात मोठीच्या मांडीवर स्वतःचे सूप आले. कोर्टात तिची साक्ष उलटतपासणीत तसूभर हलली नाही. आरोपीला शिक्षा झाली, तेव्हा बायांनी कोर्टाच्या आवारात गूळ वाटला. मीही दोन खडे खाल्ले.

मग पोरींना कोण कुठे नेतो यावर नजर ठेवायला बायांनी बसस्टँडवर पाळ्या लावल्या. कोणती खबर खरी, हे वर्दीपेक्षा त्या कामात हात मुरलेल्याला आधी कळते, हे मी तिथे शिकलो.

काही वर्षांनी साध्या कपड्यांत पुतणीला घेऊन मी त्याच स्टँडवर उभा होतो. मोठी बहीण समोर आली. पोरगी कोण, कुठे नेता, तिने विचारले. मी हसून म्हटले, "मला ओळखलं नाहीस?"

"ओळखलं नं साहेब. पन इचारनं पडते. तुमी जरा तिकडं उभे राहा, मले पोरीसंग एकटीले बोलू द्या."

मी मुकाट्याने बाजूला झालो. उभ्या नोकरीत कोणाचाही हुकूम मी इतक्या आनंदाने पाळला नव्हता.