वस्तादांचा पंचा

भोकरदनच्या एका टोकाला, पत्र्याच्या शेडमध्ये भुजंग वस्तादांची तालीम आहे. तरुणपणी त्यांनी गावोगावच्या जत्रांत मातीतल्या कुस्त्या मारल्या. आता पंचावन्न उलटल्यावर गादीवर पोरापोरींना डाव शिकवतात. माणूस कडक. तोंडानं शाबासकी कधी द्यायचे नाहीत, पण एखादा चांगला लढला की खांद्यावरचा पंचा काढून त्याचं तोंड स्वतः पुसायचे. पोरांना तेवढं पुरायचं.

भादव्यातल्या उकाड्यात सहावीतल्या साक्षीच्या नाकाखाली फोड आला. कुणी म्हणालं, कोळी मुतला असंल. वस्तादांच्या बायकोनं, उषाबाईंनी, हळद लावून दिली. फोड फुटला, पाणी आलं आणि त्यावर गुळाच्या रंगाची खपली धरली. साक्षी सराव करतच राहिली. दहा दिवसांत नऊ जणांना तेच झालं. वस्तादांची मुलगी तृप्ती हिच्या हनुवटीवरही दोन फोड उठले. पुढच्याच रविवारी जालन्यात जिल्ह्याची निवड चाचणी होती आणि तृप्ती तिची वर्षभर तयारी करत होती.

पालक कुजबुजू लागले, जागाच बाधली म्हणून. वस्तादांना ते लागलं. त्यांनी नऊही जणांना टेम्पोत बसवून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी खपल्या पाहिल्या, गादी कोण धुतं, टॉवेल कुणाचे, हे विचारून घेतलं. पोरांनी निरागसपणे पंच्याची गोष्ट सांगितली. मग बाईंनी वस्तादांना उजेडात बसायला सांगितलं. त्यांचा उजवा कान कुस्तीत दुमडून घट्ट झालेला. त्याच्या मागच्या घडीत तशीच खपली होती. पैलवानाचा कान, चिरतच असतो, म्हणून त्यांनी कधी लक्ष दिलं नव्हतं.

"कुणाला आधी झालं ते आता सांगता येणार नाही," बाई म्हणाल्या. "पण सगळ्यांत पसरलं कशानं, ते तुमच्या खांद्यावर आहे."

वस्तादांनी पंचा काढला आणि घडी करून पिशवीत घातला. पुढचं सगळं नीट ऐकून घेतलं. जखम साबणानं धुवायची, मलम लावून झाकायची, खपली नखानं काढायची नाही. ज्यांना गोळ्या दिल्या त्यांनी बरं वाटलं तरी त्या पुऱ्या घ्यायच्या. आणि डॉक्टरांनी तपासून हो म्हणेपर्यंत कुणाशी झोंबायचं नाही.

त्या संध्याकाळी तृप्ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "पप्पा, पट्टी लावून खेळते. वरून पावडर लावली तर कुणाला दिसणार न्हाई."

"दिसणार न्हाई, पण समोरच्या पोरीला लागंल ना."

"तिच्यापायी माझं वर्ष जाईल."

"जाईल," वस्ताद म्हणाले. सकाळी त्यांनी जालन्याला फोन लावून नाव मागं घेतलं. पलीकडच्या माणसानंही पावडरचाच सल्ला दिला होता.

तालीम पंधरा दिवस बंद राहिली. वस्ताद आणि उषाबाईंनी गादी साबणाच्या पाण्यानं घासली, ब्लीचिंगच्या पाण्यानं पुसली, कडक उन्हात वाळवली. तृप्ती मदतीला आली नाही. आठवडाभर तिनं बापाशी बोलणंच टाकलं. जेवायला बोलवायचं तरी आईकडून निरोप.

तालीम उघडली तेव्हा दारात वस्ताद उभे. ज्याचा त्याचा टॉवेल, कापलेली नखं, सराव झाल्याबरोबर साबणानं अंघोळ. आत सोडण्याआधी ते प्रत्येकाची मान, कोपर, गुडघे बघत आणि शेवटी स्वतःचा कान एखाद्या पोराला बघायला लावत. काही पालकांना ही थेरं वाटली. दोन पोरं दुसऱ्या तालमीत गेली. वस्तादांनी अडवलं नाही. त्यानंतर एखाद-दुसऱ्याला फोड आला, पण तो तिथंच थांबला.

पुढच्या वर्षी तृप्ती चाचणीला गेली. दुसऱ्याच कुस्तीत गुणांवर हरली. परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. राजूर मागं पडल्यावर ती आपणहून सांगू लागली, की डावा पाय उशिरा मागं घेतला, तिथंच गडबड झाली. वस्तादांनी सगळं ऐकून घेतलं.

"बराबर," ते म्हणाले. "उद्या सकाळी तेच बघू."