उकंडराव थंडीवाले

बिघडलेलं कोणतंही यंत्र पाहायला आले, की उकंडराव बोबडे आधी चपला काढत, यंत्रासमोर मांडी घालून बसत आणि दहा-पंधरा मिनिटं नुसतं ऐकत राहत. हत्यारांची पिशवी बंदच. मध्ये कोणी बोललं तर वर न पाहता म्हणत, "थांबा जी, तिले बोलू द्या आधी." मग प्रश्न विचारत, तेही यंत्राबद्दल नव्हे, घराबद्दल. खिडकी कोण उघडतं, ऊन कोणत्या भिंतीवर येतं, अलीकडे नवीन काय बांधलं.

सत्तरच्या दशकातल्या नागपुरात फ्रिज मोजक्या घरांत होते, आणि ते दुरुस्त करणारे त्याहून मोजके. उकंडराव मूळचे खाप्याचे. भाऊ शेती पाहायचे. हे बर्फाच्या कारखान्यात काम शिकले आणि पुढे एका मोठ्या दवाखान्यात लसी आणि रक्ताच्या बाटल्या ठेवायच्या शीतखोलीवर लागले. उरलेल्या वेळात गावभर दुरुस्त्या. इतवारीतल्या एका मिठाईवाल्याचा फ्रिज थंड होईना, तेव्हा त्यांनी पिशवीही उघडली नाही. भट्टीला चिकटून ठेवलेला फ्रिज दोघांच्या मदतीनं पलीकडच्या भिंतीला सरकवला आणि म्हणाले, "तुम्ही भट्टीजवळ बसून घामाघूम होता, तं ते काहून नाही होणार?"

मी तेव्हा सिव्हिल लाइन्समधल्या एका मँगनीज खाणीच्या मालकाकडे लघुलेखक होते. साहेबांच्या बंगल्याखाली तळघर होतं आणि त्यात परदेशी वाइनच्या काही शे बाटल्या आडव्या निजलेल्या. त्यांच्यासाठी भिंतीत थंडीचं यंत्र बसवलं होतं. एप्रिल लागला आणि ते यंत्र तासाभरानं आपोआप बंद पडू लागलं. उकंडरावांना बोलावणं गेलं.

ते नेहमीसारखे बसले, ऐकलं. मग उठून यंत्राच्या मागल्या अंगाच्या अरुंद बोळात गेले. यंत्र आतली गरमी त्या बोळात सोडत असे. पूर्वी बोळाला जाळी होती. हिवाळ्यात साहेबांनी उंदरांच्या भीतीनं ती विटांनी बुजवून टाकली होती. उकंडरावांनी आत थर्मामीटर टांगला आणि थोड्या वेळानं मला दाखवला. बाहेरच्या उन्हापेक्षा बोळ जास्त तापलेला होता.

"बाई, मशीन चांगली आहे," ते म्हणाले. "खोलीतली गरमी उचलून ते बाहेर फेकते. पण फेकाले जागाच नाही ठेवली. आपलीच गरमी गिळून राहिली बिचारी. जाळी उघडा, बस."

साहेबांना हे पटलं नाही. ती भिंत त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतली होती. "माझं घर कसं बांधायचं ते तू शिकवणार?" ते म्हणाले. उकंडरावांनी पिशवी उचलली. जाताना माझ्या टेबलाशी थांबले. "मी काय म्हटलं ते लिहून ठेवा, बाई. मशीनले बोल लावाले सोपं असते, अन् मशीनवाल्याले त्याहून सोपं."

मी त्यांचं म्हणणं टाइप केलं, त्यांची सही घेतली आणि कागद फायलीत लावला.

मग मुंबईहून टाय लावलेला इंजिनिअर आला. बोळात डोकावलाही नाही. त्यानं कॉम्प्रेसर बदलला, गॅस भरला, साहेबांबरोबर जेवला आणि गेला. मे महिन्यात साहेब पचमढीला गेले. यंत्र पुन्हा बंद पडलं. परत आले तेव्हा तळघरात आंबूस वास कोंडला होता, कित्येक बाटल्यांची बुचं फुगून वर आली होती. वीस वर्षांचा संग्रह गेला.

साहेबांना कोणीतरी दोषी हवा होता. बोबडेनं यंत्रात ढवळाढवळ केली, असं त्यांनी ठरवलं आणि मला पत्र सांगितलं. दवाखान्याच्या प्रमुखांना. असा माणूस रक्ताच्या बाटल्यांवर ठेवणं धोक्याचं आहे, असं त्यात होतं. मी ते टाइप केलं, एकही चूक न करता. त्यानंतर साहेब म्हणाले, "फायलीतला तो कागद काढून टाका." मी काढला आणि फाडला. घर माझ्या नोकरीवर चालत होतं, हे खरं. पण साहेबांनी धमकी दिली नव्हती, हेही तितकंच खरं. त्यांना ती द्यावीच लागली नाही.

आठवड्याभरात उकंडरावांना कामावरून काढलं. ते बंगल्यावर आले, साहेबांकडे नव्हे, माझ्याकडे.

"बाई, तो कागद द्या. दवाखान्यात दाखवतो."

"सापडत नाही, उकंडराव."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. यंत्राचं ऐकताना पाहत, तसंच. घाई न करता. मग म्हणाले, "ठीक आहे जी," आणि चपला घालून निघून गेले. ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

साहेबांचा शब्द गावभर चालायचा. चांगल्या घरांनी उकंडरावांना बोलावणं सोडलं. ते कळमेश्वरकडच्या एका बर्फाच्या कारखान्यात लागले. जुनी यंत्रं, गळके नळ, अमोनियाचा वास. पाच-सहा वर्षांनी तिथं अमोनियाचा नळ फुटला. आत अडकलेल्या दोघांना उकंडरावांनी बाहेर काढलं. त्यांच्या स्वतःच्या छातीत गॅस गेला. त्यानंतर ते दोन महिने जगले.

मला हे उशिरा कळलं. तोवर मी बंगल्यातली नोकरी सोडली होती. एका रविवारी एसटीनं खाप्याला गेले. त्यांची बायको, अनसूयाबाई, दारात तूर पाखडत होती. मी नाव सांगितलं. सूप थांबलं.

"बंगल्यातल्या बाई तुम्हीच काय?"

"हो."

"ते तुमाले कधी वाईट नाही बोलले. बाईची नोकरी होती म्हणत." तिनं सूप खाली ठेवलं. "पण माझं तसं नाही. तुमाले ठाऊक होतं ना, त्याइची काही चूक नव्हती?"

"ठाऊक होतं."

"मंग आता काहून आल्या?"

मी माफी मागायला आले होते. वाक्य एसटीत घोकून ठेवलं होतं. पण तिच्यासमोर उभी राहिल्यावर कळलं, की त्या माफीनं फक्त माझं भलं होणार होतं. तिला त्यातलं काहीच मिळणार नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हणाले.

तिनं बसा म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. सूप उचललं आणि पुन्हा पाखडू लागली. मी उन्हात उभी होते. परतीच्या गाडीला अजून दोन तास होते.