वरला कापूस

आबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत माझ्या गव्हाच्या पोत्यात होता. जळगावहून बदली होऊन मी शिंदखेड्याच्या शाळेत आले, टेम्पोतून सामान उतरत होतं, आणि ज्यांच्या घरातली वरची खोली मी भाड्याने घेतली होती ते गृहस्थ मला नमस्कार करण्याआधी पोत्याची शिवण सोडून तळाशी काहीतरी चाचपत होते. मूठ बाहेर आली. तळव्यावर गहू पसरून त्यांनी माझ्यासमोर धरला. "खाले किडा पडेल शे, मॅडम."

गहू माहेरचा होता. आईने उन्हात घालून, पाखडून, स्वतःच्या हाताने भरून दिलेला. मला राग आला. संध्याकाळी पोतं ओतलं, तर तळाशी खरोखरच सोंडे निघाले.

आबा आयुष्यभर एका जिनिंगमध्ये ग्रेडर होते. शेतकरी कापसाच्या गाड्या घेऊन येतात, तेव्हा त्या कापसाची प्रत ठरवणारा माणूस म्हणजे ग्रेडर. कोणी वरती पांढराशुभ्र कापूस पसरून खाली कवडी, म्हणजे किडका पिवळट कापूस भरतो, कोणी वजनासाठी पाणी मारतो. आबा गाडीत खांद्यापर्यंत हात घालायचे, तळातलं बोंड ओढायचे आणि दोन्ही हातांच्या चिमटीत धागा ताणून बघायचे. निवृत्त होऊन बारा-तेरा वर्षं झाली तरी सवय गेली नव्हती. बाजारात बटाट्याच्या ढिगाच्या तळातला बटाटा उचलायचे. पेपर मागच्या पानापासून वाचायचे. "वरला कापूस बठ्ठासनाच चांगला ऱ्हास," ते म्हणायचे, वरचा सगळ्यांचाच चांगला असतो. "खाले हात घाल, मंग बोल."

माणसांच्या बाबतीतही तेच. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला विचारलं की वडील काय करतात. चार दिवसांनी पुन्हा तोच प्रश्न, जरा वेगळ्या शब्दांत. उत्तर तेच आल्यावर मान हलवली. त्यांच्या बायकोला सगळे अक्का म्हणत. अक्का हसून मला म्हणाल्या, "पास झाल्या तुम्ही. माझी परीक्षा अजून चालूच आहे."

अशा माणसाचा एकमेव जिवलग मित्र मात्र अगदी उलट होता. भटूभाऊ टेलर. बसस्टँडजवळ त्यांचं दुकान होतं आणि त्यांचा जगातल्या सगळ्या गोष्टींवर विश्वास होता. स्वप्नावर, शकुनावर, टीव्हीवरच्या बाबांवर आणि सगळ्यात जास्त सिनेमाच्या गाण्यांवर. तरुणपणी गावात तंबूतला सिनेमा यायचा, तेव्हा भटूभाऊ नायकाची कॉलर नीट बघता यावी म्हणून तोच खेळ तीनदा बघायचे आणि आठवड्याभरात अख्ख्या गावाच्या पोरांना तशी कॉलर शिवून द्यायचे. आबांनी त्यांच्याकडून पहिली बेलबॉटम शिवून घेतली, ती दुकानातच उलटी करून आतली शिलाई तपासली होती. तिथून मैत्री सुरू झाली असं दोघंही सांगायचे.

दोघांना बांधून ठेवणारी गोष्ट म्हणजे रविवारी दुपारचा रेडिओवरचा फर्माईशीचा कार्यक्रम. भटूभाऊ पूर्वी पोस्टकार्डं पाठवायचे, अलीकडे फोनवरून संदेश. गाण्याआधी निवेदिका भराभर नावं वाचते. त्यात कधीतरी "शिंदखेड्याहून भटूभाऊ टेलर, आबा ग्रेडर आणि मित्रमंडळ" असं आलं की ओट्यावर बसलेले भटूभाऊ मांडीवर थाप मारायचे. मित्रमंडळात दोघांखेरीज कोणी नव्हतं. आता फोनवर कुठलंही गाणं क्षणात लागतं, मी एकदा लावूनही दाखवलं. भटूभाऊ म्हणाले, "मॅडम, पन त्यात आमचं नाव कुठं येतं?"

मरणाबद्दल त्यांचं बोलणं नेहमी चालायचं, सत्तरीतल्या माणसांचं चालतं तसं. भटूभाऊंच्या मते वर सगळी गेलेली माणसं भेटतात आणि सगळे जुने गायक समोर बसून गातात. आबा विचारायचे, "कोन दखी उना?" बघून कोण आलंय?

"पह्यले मी गऊ, ते खबर धाडसू रे आबा," भटूभाऊ म्हणाले.

"तू शर्ट येळवर देत नही, खबर काय देशी!"

आणि भटूभाऊच आधी गेले. दुकानात बसल्या जागी, गळ्यात टेप तसाच. दहाव्याला पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, भाग्यवान माणूस, काही इच्छा राहिली नाही. आबा माझ्या शेजारी उभे होते. हळूच म्हणाले, "कावळाले भूक लागेल व्हती." पण हे म्हणताना त्यांनी त्या कावळ्याकडे बघितलं नाही.

त्यानंतर आबांनी रेडिओ लावायचं सोडलं. दोन महिन्यांनी एका रविवारी, घर फार सुनं वाटतं म्हणून अक्कांनी लावला. मी खाली चहाला आले होते. नावं वाचणं चालू होतं, आमचं कोणाचंच लक्ष नव्हतं, आणि निवेदिका म्हणाली, "शिंदखेड्याहून भटूभाऊ टेलर, आबा ग्रेडर आणि मित्रमंडळ."

अक्कांच्या हातातली बशी कलंडली. आबा उठले, रेडिओजवळ गेले आणि त्यांनी तो उचलून मागून पाहिला. खरंच मागून पाहिला, जणू तिथे कोणी दडून बसलंय. मग गाणं संपेपर्यंत तो हातातच धरून उभे राहिले.

"भटूनी खबर धाडी काय?" अक्का पुटपुटल्या.

"भटू मरी गया," आबा म्हणाले. "हाई कोन्हं तरी काम शे."

तपास सुरू झाला. आधी भटूभाऊंच्या मुलाकडे. तो म्हणाला, वडिलांचा फोन बंद करून कपाटात ठेवलाय. आबांनी कपाट उघडायला लावलं. मग दुकानाशेजारचा चहावाला, मग निवृत्त पोस्टमन. आणि एका संध्याकाळी आबा जिना चढून माझ्या दारात आले.

"मॅडम, तुमना फोन दखाडा."

मी गोंधळून फोन दिला. त्यांनी तो उलटसुलट केला, त्यातलं त्यांना काही कळत नव्हतं, आणि परत दिला. मला वाईट वाटलं. "आबा, तुम्हाला वाटलं मी अशी चेष्टा करेन?"

"चेष्टा नही. तुम्ही चांगल्या शेतस. म्हाताऱ्याले बरं वाटावं म्हनीसन चांगला मानूसच असं करस."

ते गेल्यावर अक्का वर आल्या, दार लोटून घेतलं आणि कुजबुजल्या, "मॅडम, तेस्नंच काम नही ना हाई?" खोटं कशाला सांगू, माझ्याही मनात तेच आलं होतं. पुढे दोन रविवार मी आबांच्याच चेहऱ्यावर डोळा ठेवून होते. नाव आलं की ते दचकतात का, की आधीच तयार असतात. एकाच घरात आम्ही तिघं एकमेकांवर संशय घेत चहा पीत होतो.

आबांनी मात्र वही घेतली होती. ते नावं लिहून घेत होते. वहीत तिसऱ्यांदा भटूभाऊंचं नाव आलं, तेव्हा त्यांनी वही माझ्यासमोर सरकवली. एका संदेशातली नावं निवेदिका एका दमात वाचते, हे त्यांनी हेरलं होतं. पहिलं नाव पाठवणाऱ्याचं, मग त्याच्या ओळखीपाळखीची. तिन्ही वेळा भटूभाऊंचं नाव ज्या जथ्यात आलं, त्याच्या सुरुवातीला एकच नाव होतं. साक्री तालुक्यातल्या डोंगराकडच्या एका गावाचे सुकलाल गिरणीवाले.

"याले आपन वळखतस?" मी विचारलं. त्यांच्याबरोबर राहून माझीही भाषा तशी झाली होती.

"नही. म्हनीसनच जानं शे. तुम्ही बी चला. साक्षीदार पाहिजे."

शाळेला सुट्टी होती. आम्ही एसटीने धुळ्याला, तिथून साक्रीला आणि तिथून जीपने त्या गावाला गेलो. वाटेत आबा काय बोलायचं याची उजळणी करत होते. मेलेल्या माणसाचं नाव घेणं बंद कर, नाहीतर मी रेडिओला पत्र लिहीन. त्यांचा आवाज चढला की जीपमधली माणसं वळून बघायची.

गिरणी गावाच्या तोंडाशीच होती. भुवयांपर्यंत पिठाने पांढरा झालेला पन्नाशीचा एक माणूस बाहेर आला.

"सुकलाल तूच का?" आबांनी दरडावून विचारलं.

"हो. आपण?"

"शिंदखेड्याचा. आबा ग्रेडर."

त्या माणसाने गिरणीचं बटण बंद केलं. पट्टा फिरायचा थांबला. मग तो पुढे आला आणि पिठाच्या हातांनी त्याने आबांचे पाय धरले.

"आबा ग्रेडर! लहानपणापासून तुमचं नाव ऐकतो मी. वडील गिरणी चालवायचे, मी पोत्यावर बसून रेडिओ ऐकायचो."

त्याने आम्हाला आत नेलं. भिंतीवर जुन्या कॅलेंडरांच्या मागच्या बाजू चिकटवल्या होत्या आणि त्यांवर गावांची नावं होती, वरणगाव, चोपडा, नवापूर, शिरपूर, आणि प्रत्येक गावाखाली माणसांची. रेडिओवर ऐकलेली. दर रविवारी स्वतःच्या नावाबरोबर त्यांतली चार-पाच नावं तो पाळीपाळीने घालायचा. "पाठवणाऱ्याला वाटतं, आपण पाठवलं म्हणून आपलं नाव आलं," तो म्हणाला. "पण कधीकधी ते मी पाठवलेलं असतं. यातल्या एकालाही भेटलो नाही आजवर. तुम्ही पहिले."

आबा भिंतीजवळ गेले. शिंदखेडा त्यांना सापडलं. खाली दोन नावं, शाई फिकट झालेली.

सुकलालने दारातून रस्त्याकडे नजर टाकली. "आणि भटूभाऊ? ते नाही आले?"

मी आबांकडे पाहिलं. इतक्या लांबून जे सांगायला आले होते, ते सांगायची हीच वेळ होती. आबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला.

"तेना घुडगा दुखस," ते म्हणाले. "येस्टीमा बसता येत नही."

"अरेरे. बाकी तब्येत?"

"बाकी बरा शे."

चहा झाला. सुकलालने पिशवीभर नागलीचं पीठ दिलं. आबांनी त्यात हात घालून बघितलं नाही. निघताना त्याने फोन नंबर सांगितला, तो मी माझ्या फोनमध्ये घेतला.

 धुळ्याच्या स्टँडवर शिंदखेड्याच्या गाडीची वाट बघताना आबा म्हणाले, "मॅडम, अक्काले सांगू नका. इतला वरीस लोकेस्ना कापूस पकडा. आज मीच वरला कापूस दखाडा."

त्यानंतर दर रविवारी रेडिओ लागायचा. नाव दर वेळी येत नसे, पाळी आली की यायचं. आलं की आबा रेडिओकडे बघून विचारायचे, "घुडगा कसा शे रे?" अक्कांना वाटायचं, म्हातारपण आलं. मी एकदा विचारलं, "आबा, आता पटलं का, मेल्यावर काहीतरी उरतं म्हणून?"

ते माझ्यावरच उखडले. "काय पटनं? तेले मालूम नही म्हनीसन तो नाव लेस. मालूम पडनं का बंद. इतलंच शे ते." थोड्या वेळाने, जरा मऊ आवाजात: "म्हनीसन तर सांगं नही."

गेल्या हिवाळ्यात आबा आजारी पडले. धुळ्याच्या दवाखान्यात ठेवलं होतं. सलाईनची बाटली लावणाऱ्या नर्सला त्यांनी थांबवलं, बाटलीवरची चिठ्ठी मला मोठ्याने वाचायला लावली आणि तिला विचारलं, "हाई नुसतं पानी तं नही ना?" ती बिचारी हसली. मग त्यांनी हात पुढे केला. पाचव्या दिवशी दुपारी ते गेले. दहाव्याला कावळा यायला फार वेळ लागला. लोक अस्वस्थ झाले, अक्का रडत होत्या. मला मात्र वाटलं, हेही आबांसारखंच झालं, तो कावळा आधी नीट बघून घेत असणार.

महिनाभराने मी सुकलालला फोन केला. सांगणं भाग होतं. मुलांना शाळेत खरं बोलायला शिकवणारी मी, एक खोटं आधीच सांभाळत होते, त्यात दुसऱ्याची भर नको होती. मी म्हणाले, "आबा गेले." मागे चालू असलेली गिरणी त्याने बंद केली. मग मी धीर करून म्हणाले, "आणि आणखी एक सांगायचं आहे. भटूभाऊसुद्धा..."

"ते मला ठाऊक आहे, मॅडम."

"कधीपासून?"

"तुम्ही आलात त्या दिवसापासून. भटूभाऊंचं विचारलं, तर आबांनी चष्मा पुसायला घेतला. गुडघा दुखतो हे सांगायला एवढा वेळ लागत नाही."

 इतकी वर्षं गाड्यांचा तळ शोधणाऱ्या आबांना समोरचा माणूस ओळखता आला नव्हता. "मग तुम्ही नाव घेणं थांबवलं का नाहीत?"

"आबा ऐकत होते ना."

मागे गिऱ्हाईकाचा आवाज आला, कोणीतरी दळण घेऊन आलं असावं. त्याने त्याला थांबायला सांगितलं आणि मला विचारलं, "आता तुमच्या घरी रविवारी रेडिओ कोणी लावतं का?"

खाली अक्का एकट्या बसल्या होत्या. आबा गेल्यापासून रेडिओ बंदच होता, आणि मला स्वतःला त्या कार्यक्रमाची कधीच फारशी आवड नव्हती.

"लावतो आम्ही," मी म्हणाले. "मी आणि अक्का."

"मग आबा-भटूभाऊ, दोघांचीही नावं घेत राहतो," तो म्हणाला, आणि फोन ठेवायच्या आत मला गिरणी सुरू झाल्याचा आवाज ऐकू आला.